घरातले लपवलेले दोष ताबा घेतल्यावर सापडले तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंगकाम ताजं, पीओपीचं सीलिंग चकाचक, घर बघितलं तेव्हा उन्हाळा. मग जुलै उजाडतो आणि बेडरूमच्या कोपऱ्यात पोपडे धरतात. दरवर्षी पावसाळ्यात हेच प्रश्न येतात, म्हणून ते एका जागी लिहिले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या घरांपुरती आहेत. रेरा, म्हणजे बिल्डरांवर बंधनं घालणारा केंद्रीय कायदा, गोव्यात आणि बेळगावातही तोच आहे, पण तिथले नियम, प्राधिकरण आणि शुल्क वेगळं आहे.

दोष सापडला. सगळ्यात आधी काय करू?

दुरुस्ती करू नका. निदान लगेच तरी नको. घरात लहान मूल असतं, भिंत ओली असते, मिस्त्री ओळखीचा असतो, आणि दोन दिवसांत प्लास्टर फोडून, वॉटरप्रूफिंग करून, पुट्टी मारून मोकळे होतात लोक. मग समोरचा विचारतो, "कुठे होती गळती?" दाखवायला काहीच उरत नाही.

आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, शक्यतो तारखेसह. खोलीचा एक लांबून, मग त्याच जागेचा जवळून. तडा असेल तर शेजारी मोजपट्टी धरा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख टाका, महिन्याभराने तो पुढे सरकलाय का ते कळेल. मग ज्याच्याकडून घर घेतलं त्याला लेखी कळवा, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने. फोनवर झालेलं बोलणं उपयोगाचं नाही. फोन झालाच, तर "आज आपलं असं बोलणं झालं" असा मेल त्याच दिवशी पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश पुराव्यात चालतात, मात्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून जुना फोन विकू नका आणि चॅट पुसू नका.

छताचा तुकडा पडायची भीती असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा टेकू लावा, जीव आधी. पण त्याही कामाच्या आधी, चालू असताना आणि नंतर फोटो काढा, बिलं जपा आणि निघालेला माल थोडा पिशवीत ठेवा. गंजलेल्या सळईचा तुकडा बोलका पुरावा असतो.

प्रत्येक ओल आणि प्रत्येक तडा म्हणजे दोष का?

नाही. नव्या इमारतीत एएसी ब्लॉकची भिंत आणि आरसीसी बीम जिथे भेटतात तिथे केसासारखी आडवी रेघ येते. ती बहुतेक वेळा प्लास्टरपुरती असते. दिसायला वाईट, इमारतीला धोका नाही. काळजीच्या खुणा वेगळ्या. कॉलमवर सळईच्या रेषेत उभा जाणारा तडा, बीमखाली फुगून सुटलेलं काँक्रीट, त्यातून येणारा तांबूस डाग, किंवा दारंखिडक्या अचानक अडकू लागणं.

ओलीचंही तसंच. फक्त पावसात येणारी ओल बाहेरच्या भिंतीची किंवा गच्चीची असू शकते. बारा महिने असणारी ओल बहुधा बाथरूमची. आपल्याकडे बाथरूमला संकन स्लॅब असतो, म्हणजे स्लॅब खाली घेऊन वर भराव केलेला. त्या भरावाखालचं वॉटरप्रूफिंग किंवा नहाणी ट्रॅपचा सांधा फाटला की पाणी भरावात साचतं आणि हळूहळू खालच्या घराच्या छतात उतरतं. गळती तुमच्या बाथरूममधून आणि डाग खालच्यांच्या छतावर, असं तेव्हा होतं. पॉन्डिंग टेस्ट करून घ्या. नहाणीचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवायचं आणि खालच्या घरात पाहायचं.

तपासणी कोणाकडून करून घ्यायची? इंटिरियरवाला म्हणतो मीच बघतो.

त्याच्याकडून नको. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या. महापालिकेच्या पॅनेलवरचा असेल तर उत्तम. त्याला तोंडी मत विचारू नका, लेखी अहवाल मागा. अहवालात तीन गोष्टी हव्यात: दोष कुठे आणि किती, तो कशामुळे, आणि तो साधारण किती जुना. तिसरीवरच खटला उभा राहतो, आणि लोक नेमकी तीच विचारायला विसरतात.

गरज पडली तर चाचण्या होतात. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या लहरींचा वेग जास्त असेल तर काँक्रीट चांगलं समजलं जातं, फार कमी असेल तर संशयास्पद. कार्बोनेशनची, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची सळई राखण्याची ताकद गेली आहे का याची, चाचणी बघायलाही सोपी असते. काँक्रीटचा ताजा तोडलेला भाग फिनॉल्फ्थॅलिन नावाच्या रसायनाने भिजवतात. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, कार्बोनेशन झालेलं रंग बदलत नाही. रंग न बदलणारा थर सळईपर्यंत पोचला असेल तर ते दोन-चार महिन्यांचं काम नसतं, वर्षानुवर्षांचं असतं. "माझ्या काळात असं काही नव्हतं" म्हणणाऱ्या आधीच्या मालकाला हे उत्तर आहे.

शक्य असेल तर पाहणीची तारीख विक्रेत्याला किंवा बिल्डरला आधी लेखी कळवा. आला तर संयुक्त पाहणी होते, नाही आला तर त्याचीही नोंद होते.

फ्लॅट थेट बिल्डरकडून घेतलाय. माझा हक्क काय?

तुमची बाजू रिसेलवाल्यापेक्षा बरीच भक्कम आहे. स्थावर संपदा कायदा २०१६, म्हणजे रेरा, त्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा, मालाच्या दर्जाचा किंवा सुविधांचा दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई. इथे "त्याला दोष माहीत होता" हे सिद्ध करावं लागत नाही. दोष आहे आणि ५ वर्षांत कळवलाय, एवढं पुरतं.

नीट लक्षात घ्या, ५ वर्षांत *कळवायचं* आहे. चार वर्षं दहा महिने झाले असतील तर आज रात्रीच मेल पाठवा आणि उद्या पोस्टाने. सोसायटीचं कन्व्हेयन्स झालं, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर झाली, म्हणून ही जबाबदारी संपत नाही, कलम ११ मध्ये तसं स्पष्ट आहे.

लिफ्ट, गच्ची, पाण्याची टाकी, बाहेरच्या भिंती अशा सामाईक भागांसाठी सोसायटी स्वतः तक्रार करू शकते. त्यात सगळ्यांचा खर्च वाटला जातो. शिवाय चाळीस घरांची एकत्र तक्रार आणि एकट्याची तक्रार यांच्याकडे बघण्याची बिल्डरची नजरच वेगळी असते.

पहिल्या खरेदीदाराकडून दुसऱ्या वर्षी घेतला. मलाही ही ५ वर्षं मिळतात का?

मिळतात. रेरात 'अलॉटी'च्या व्याख्येत पुढे विक्रीने किंवा हस्तांतराने घेणाराही येतो. फक्त घड्याळ बिल्डरने मुळात ताबा दिला तेव्हापासून चालतं. म्हणून पहिल्या मालकाचं ताबापत्र हक्काने मागून घ्या.

बिल्डर म्हणतो, "तुम्ही टाइल्स फोडल्यात, आता वॉरंटी गेली."

हे हमखास ऐकू येतं. बऱ्याच करारांत कलम असतं की घरमालकाने परवानगीशिवाय बाथरूम, भिंती किंवा प्लंबिंगला हात लावला तर दोषाची जबाबदारी संपते. तुम्ही खरंच बाथरूमच्या टाइल्स बदलल्या असतील तर त्या बाथरूमची गळती बिल्डरवर टाकणं अवघड. पण मॉड्युलर किचन केलं म्हणून बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीची ओल माफ होत नाही. कोणत्या बदलाचा कोणत्या दोषाशी संबंध आहे हे इंजिनिअरच्या अहवालात लिहून घ्या.

दुसरं नेहमीचं वाक्य म्हणजे "हवामानामुळे येणाऱ्या केसासारख्या भेगा दोष नाहीत." त्यात तथ्य असतं, पण प्रत्येक भेग केसासारखी नसते. मोजपट्टीचा फोटो इथे उपयोगी पडतो.

दोषाची जबाबदारीच करारातून वगळलेली असेल तर घाबरू नका. महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाच्या, नमुना करारातलं ते कलम बिल्डरला बदलता येत नाही, आणि कायद्याने दिलेलं बिल्डरच्या छापील करारातून काढून घेता येत नाही.

महारेराकडे तक्रार कशी करायची आणि हाती काय लागतं?

तक्रार ऑनलाइन होते. दुरुस्तीचा आदेश हवा तर प्राधिकरणाकडे, भरपाई हवी तर अ‍ॅडज्युडिकेटिंग ऑफिसरकडे. दोन्हींचे अर्ज वेगळे, शुल्क प्रत्येकी ५,००० रुपये. वकील सक्तीचा नाही. त्याआधी समेटाचा मार्गही आहे. महारेराच्या सलोखा मंचात ग्राहक संघटना आणि बिल्डर संघटना यांचे प्रतिनिधी समोरासमोर बसवतात. बिल्डर अजून त्याच भागात प्रकल्प विकत असेल तर तिथे बऱ्याचदा काम होतं, कारण त्याला नावाची काळजी असते. ज्याचा हा शेवटचा प्रकल्प होता त्याच्या बाबतीत सलोख्यात वेळ घालवू नका.

आदेश मिळणं आणि पैसे मिळणं यांत अंतर आहे, हे आधीच मनाशी धरा. बिल्डरने आदेश पाळला नाही तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, आणि ती फाइल हलवायला पाठपुरावा लागतो. बिल्डरला अपील करायचं असेल तर भरपाईची रक्कम व्याजासह अपील न्यायाधिकरणात आधी भरावी लागते. ही अट ग्राहकाच्या फायद्याची आहे.

माझं मत विचाराल तर किरकोळ दोषांसाठी भरपाईच्या मागे लागू नका. दुरुस्तीचा आदेश मागा, आणि कामाची पद्धत व मुदत आदेशात लिहून घ्या. नाहीतर बिल्डरचा माणूस येतो, बाहेरून सिलिकॉन मारतो, फोटो काढतो आणि "काम पूर्ण" असं कळवून मोकळा होतो.

महारेरा बरं की ग्राहक आयोग?

दोन्ही दारं उघडी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या खटल्यात २०२० मध्ये सांगितलं की रेरा आल्याने ग्राहक कायद्याचा मार्ग बंद होत नाही. एकाच मागणीसाठी एकाच वेळी दोन्हीकडे जाऊ नका, एवढंच.

ग्राहक आयोगात घराची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. फ्लॅट पनवेलला आणि तुम्ही नाशिकला असाल तर ही मोठी सोय आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे, उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते. मनस्तापाची भरपाई आयोगाकडे मागण्याचा रिवाज जुना आहे. पण तारखा पडतात, भरपूर पडतात.

प्रकल्प रेराच्या आधीचा आहे. किंवा ५ वर्षं होऊन गेली.

महारेरा १ मे २०१७ पासून सुरू झालं. त्याआधी पूर्ण झालेल्या इमारतींना १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा, लागतो. त्यात दोषासाठी ताब्यापासून ३ वर्षं होती. ती गेली असतील आणि बिल्डरने काही मुद्दाम लपवलं असेल तर दिवाणी न्यायालय राहतं. पण दहा वर्षांच्या इमारतीत बाथरूम गळतं म्हणून बिल्डरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. वॉटरप्रूफिंगचं आयुष्य तेवढंच असतं.

रिसेल फ्लॅट घेतला. आधीच्या मालकाने गळती लपवली. कायदा काय म्हणतो?

इथे रेरा नाही (वर सांगितलेली ५ वर्षं सोडून), आणि ग्राहक आयोगही बहुधा नाही, कारण आपलं राहतं घर विकणारा माणूस सेवा देणारा धंदेवाईक नसतो. आधार आहे तो १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा. कलम ५५(१)(अ) सांगतं की मालमत्तेतला किंवा मालकीहक्कातला महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत असेल, खरेदीदाराला माहीत नसेल आणि नेहमीची काळजी घेऊनही त्याला सापडण्यासारखा नसेल, तर तो सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. त्याच कलमाच्या शेवटी म्हटलंय की असं न सांगणं म्हणजे फसवणूक.

जोडीला १८७२ चा करार कायदा. त्याच्या कलम १७ प्रमाणे माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे लपवणं ही फसवणूक आहे. नुसतं गप्प बसणं आणि लपवणं यांत न्यायालय फरक करतं. विक्रीच्या पंधरा दिवस आधी फक्त एकाच भिंतीला रंग मारला, डागाळलेल्या स्लॅबखाली घाईने फॉल्स सीलिंग केलं, ओल्या कोपऱ्यात भिंतीला खिळून कपाट बसवलं, हे लपवणं झालं.

त्याला दोष माहीत होता हे मी कसं सिद्ध करणार? तो तर हात वर करतोय.

रिसेलच्या सगळ्या भांडणाचा जीव इथे आहे. वकील गाठण्याआधी आठवडाभर कागद गोळा करण्यात घालवा.

पहिला थांबा सोसायटीचं ऑफिस. गळती असलेला माणूस विकायचं ठरवण्याआधी वर्षानुवर्षं सोसायटीकडे तक्रारी करत असतो. आवक नोंदवहीत त्याचं पत्र असतं: "माझ्या बेडरूममध्ये गच्चीवरून पाणी येत आहे, तिसऱ्यांदा कळवीत आहे." खाली त्याची सही आणि वर सोसायटीचा शिक्का. एवढं एक पत्र हाती लागलं की "मला माहीतच नव्हतं" हा बचाव कोसळतो. सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचा. कोणत्या विंगची गळती, कोणाच्या घरी पाहणी, दुरुस्तीसाठी प्रत्येकी किती काढायचे, सगळं त्यात लिहिलेलं असतं. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला ही इतिवृत्तं बघता येतात, म्हणून आधी शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर झालेलं हवं. सेक्रेटरी आढेवेढे घेत असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आधीचा मालक त्याचा मित्र असण्याची शक्यता असतेच.

दुसरा थांबा खालचे आणि वरचे शेजारी. खालच्या घरात तुमच्या बाथरूममधून पाणी जात असेल तर तिथल्या काकूंकडे आधीच्या मालकाशी झालेल्या भांडणाची पूर्ण हकिगत असते, बऱ्याचदा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंसह. त्यांना साक्षीला यायला सांगू नका, घाबरतात. आधी फक्त ते मेसेज मागा.

तिसरा थांबा कामगार. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत रंगारी, प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला कोणत्या तारखेला आला याची नोंद असते. मधल्या काळात भाडेकरू राहिले असतील तर त्यांनाही विचारा. भाडेकरूंना मालकाची बाजू घ्यायची सहसा हौस नसते.

चौथा, जाहिरात. पोर्टलवर फ्लॅटची जाहिरात अजून असेल तर फोटोंसह जतन करून ठेवा. "नुकतंच नूतनीकरण केलेलं, कोणतीही गळती नाही" असं लिहिलं असेल तर ते स्पष्ट विधान आहे, आणि ते खोटं निघालंय.

खरेदीखतात "आहे त्या स्थितीत" विकत घेतलं असं लिहिलंय. मग संपलं का?

अवघड झालं, संपलं नाही. कलम ५५ च्या जबाबदाऱ्या करारात वेगळं ठरलं नसेल तेव्हा लागू होतात, म्हणून विक्रेत्याचा वकील याच वाक्यावर बोट ठेवणार. पण उघड दिसणाऱ्या स्थितीला दिलेली संमती ही रंगाखाली झाकलेल्या स्थितीला दिलेली संमती नव्हे, हा युक्तिवाद करार कायद्याच्या कलम १७ वर उभा करता येतो. त्यासाठी वर सांगितलेले कागद दुप्पट महत्त्वाचे.

बँकेच्या लिलावात घर घेतलं असेल तर मात्र फारशी आशा धरू नका. तिथे आहे त्या स्थितीत ही मूळ अटच असते, आणि बँक त्या घरात कधी राहिलेली नसते.

व्यवहार रद्द करावा की भरपाई मागावी?

करार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे फसवणूक झाली असेल तर करार रद्द करता येतो, किंवा करार कायम ठेवून, सांगितलं होतं तसं असतं तर जी स्थिती असती ती मागता येते. साध्या भाषेत, घर ठेवा आणि दुरुस्तीचा खर्च घ्या.

बहुतेकांनी दुसराच मार्ग धरावा. रद्द करायचं तर घर परत द्यायचं, पैसे परत यायचे, कर्ज बंद व्हायचं, आणि मुद्रांक शुल्काचा प्रश्न वेगळाच. तोवर विक्रेत्याने ते पैसे दुसऱ्या घरात घातलेले असतात. रद्द करण्याचा विचार तेव्हाच करा जेव्हा दोष घराच्या मुळाशी आहे: इमारत धोकादायक, किंवा मालकीहक्कच सदोष. आणि मग घरात राहून, भाड्याने देऊन, फेरबदल करून चालत नाही. तुम्ही व्यवहार स्वीकारलात असा अर्थ निघतो.

गळती, वायरिंग, प्लंबिंग अशा दोषांत दोन कंत्राटदारांची दरपत्रकं आणि इंजिनिअरचा अहवाल जोडून नोटीस पाठवा. विक्रेता नोकरदार, निवृत्त, त्याच शहरात राहणारा असेल तर नोटिशीनंतर अर्धी-पाऊण रक्कम देऊन मिटवतो. घ्या आणि मिटवा. मिटवताना लेखी करा.

दाव्याची मुदत किती?

साधारण ३ वर्षं. फसवणूक असेल तर मुदत कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ती उघडकीस आली, किंवा नेहमीची दक्षता घेतली असती तर आली असती, तेव्हापासून ही मुदत मोजतात. पहिल्या फोटोची तारीख म्हणूनही महत्त्वाची. न्यायालय कोर्ट कमिशनर नेमून घराची पाहणी करून घेऊ शकतं. तसा अर्ज दाव्यासोबतच करायला वकिलाला सांगा.

गळती वरच्या फ्लॅटमधून आहे. विक्रेत्याला धरू की वरच्याला?

आजची गळती थांबवायची तर वरच्याला आणि सोसायटीला. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची गळती सोसायटीने तिच्या खर्चाने थांबवायची. संडास, बाथरूम, सिंकची अंतर्गत गळती त्या त्या सभासदाने. सोसायटीला पत्र द्या. दाद लागली नाही तर सहकारी संस्थांचे उपनिबंधक किंवा सहकार न्यायालय. विक्रेत्यावरचा दावा वेगळा, तो माहिती लपवल्याचा आहे.

इमारतच धोकादायक निघाली. घेताना कोणी सांगितलं नाही.

जुन्या इमारतीत हा सगळ्यात महागडा दोष. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. ऑडिटनंतर वर्गवारी होते: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. महापालिकेची नोटीस व्यवहाराच्या आधीच्या तारखेची असेल आणि विक्रेत्याने सांगितली नसेल तर तुमची बाजू मजबूत आहे, कारण अशी नोटीस आली की अख्ख्या इमारतीला कळतं. महापालिकेकडे माहिती अधिकारात तिची प्रत मागा.

एक उलटी बाजूही आहे. अशा इमारतीचा पुनर्विकास होऊन तुम्हाला नवं, मोठं घर मिळण्याची शक्यता असते. रद्द करण्याच्या आधी सोसायटीत काय चाललंय ते पाहा.

भिंती ठीक, पण कागद खोटे निघाले. भोगवटा प्रमाणपत्र नाही, बाल्कनी बेकायदा.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आणण्याची जबाबदारी बिल्डरची. समृद्धी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये म्हटलं की ओसी न आणणं ही सेवेतली त्रुटी आहे, आणि त्यामुळे जास्तीची भरलेली पाणीपट्टी व घरपट्टी रहिवासी ग्राहक म्हणून मागू शकतात. मालकीहक्क सदोष निघाला तर रेराच्या कलम १८(२) प्रमाणे बिल्डरकडून भरपाई मागायला मुदतीचं बंधन नाही.

बंद केलेली बाल्कनी किंवा हॉलमध्ये घेतलेला फ्लॉवर बेड मात्र डोळ्यांना दिसतो. मंजूर नकाशा मागितला असता तर कळलं असतं, असं न्यायालय म्हणू शकतं. आणि नोटीस आली तर ती आताच्या मालकाला, म्हणजे तुम्हाला येते.

पोलिसांत जाऊ का?

बनावट कागद, एकच फ्लॅट दोघांना विकणं, लपवलेलं गहाण असं असेल तर जरूर जा, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. ओल आणि तड्यांसाठी गेलात तर "दिवाणी बाब आहे" असं सांगून परत पाठवतील.

बँकेने घराचं मूल्यांकन केलं होतं. तिला जबाबदार धरता येईल? हप्ते थांबवू का?

दोन्हींचं उत्तर नाही. बँकेचा व्हॅल्युअर घराची बाजारातली किंमत आणि बँकेचं तारण पाहतो. वीस मिनिटं येतो, स्लॅब ठोकून बघत नाही. हप्ते थांबवले तर सिबिल तुमचंच बिघडतं. गृहविम्याकडूनही अपेक्षा नको, तो आग, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी असतो.

मी परदेशात आहे. हे सगळं कसं निभावू?

इथल्या विश्वासू नातेवाईकाला कुलमुखत्यारपत्र द्या, पण फक्त या वादापुरतं. त्यात घर विकण्याचा अधिकार घालू नका, भावाला दिलंत तरी. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून घ्या आणि इथे आल्यावर ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.

टोकन दिलंय, खरेदीखत व्हायचंय, आणि आत्ताच संशय आलाय.

मग तुमच्या हातात अजून पैसे आहेत, आणि तीच खरी ताकद. विक्रेत्याला लेखी विचारा: गेल्या ५ वर्षांत गळती, दुरुस्ती, ऑडिट, नोटीस काही आहे का? उत्तर लेखी मागा. सोसायटीच्या ना-देय दाखल्यासोबत शेवटच्या दोन सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त मागा. इंजिनिअर नेऊन सीलिंगचा एक पॅनेल उघडून पाहा आणि भिंतीला टेकलेली कपाटं पुढे ओढायला सांगा. खरेदीखतात "गळती अथवा बांधकामाचा कोणताही ज्ञात दोष नाही, आढळल्यास दुरुस्तीचा खर्च विक्रेता देईल" अशी ओळ घालून घ्या. यातल्या कशालाही विक्रेता तयार नसेल तर टोकन परत मागा. टोकन बुडालं तरी पुढच्या दुरुस्तीपेक्षा ते बहुधा स्वस्तच पडतं.